धिंड, अब्रू आणि प्रतिष्ठा : सोलापुरातील एका तक्रारीचा अभ्यास

या प्रकरणातील दोन तरुणांची नावे येथे दिलेली नाहीत. पोलीस ठाणे, चौक आणि तारीखही मुद्दाम गाळली आहे. दोघांना एकाच दोरीने बांधून बाजारातून फिरवण्यात आले होते, तरी आमच्या विधी साहाय्य गटाकडे तक्रार आली ती दोघांपैकी एकाचीच. ती तशी एकट्याची का आली, आम्हीही ती तशीच का लिहून घेतली आणि पुढे ती का बदलावी लागली, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

दोघेही सेटलमेंट भागातले, म्हणजे ब्रिटिशांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या जुन्या वसाहतीतले. पहिला एकोणीस वर्षांचा, टॉवेलच्या यंत्रमाग कारखान्यात कामाला, त्याच्यावर पूर्वीचा कोणताही गुन्हा नाही. दुसरा तेवीस वर्षांचा, मिळेल ते काम करणारा, त्याच्यावर चोरीचा एक खटला आधीपासून चालू होता. शहरात दुचाकी चोरीच्या तक्रारी वाढल्या होत्या. एका रात्री दोघे एकाच गाडीवर सापडले, ती गाडी चोरीची निघाली आणि दोघांना अटक झाली. न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. कोठडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, दुकाने उघडून गिऱ्हाईक सुरू होण्याच्या वेळेला, दोघांच्या हातांत बेड्या घालून आणि दंडांना एकच दोरी बांधून त्यांना बाजारपेठेतून पायी नेण्यात आले. अंतर फार नव्हते, पण वेळ बराच लागला, कारण मध्ये दोन ठिकाणी थांबवून त्यांना कान धरून उठाबशा काढायला लावल्या आणि लोकांपुढे हात जोडायला लावले. लोक दुकानांच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आले, काहींनी टाळ्या वाजवल्या आणि बहुतेकांनी मोबाइल वर धरले. दुसऱ्या दिवशी बातमी आली, ‘सराईत दुचाकी चोरटे जेरबंद’. पुढे दोषारोपपत्र दाखल झाले तेव्हा त्यात पहिल्या मुलाचे नाव नव्हते. तो मागे बसला होता, यापलीकडे त्याच्याविरुद्ध काही मिळाले नव्हते.

कारखान्याच्या मालकाने त्याला कामावरून काढले नाही. त्यानेच रात्रपाळी मागून घेतली. दिवसा त्या रस्त्याने जावे लागू नये, एवढेच त्याचे कारण होते, आणि तेही त्याने आम्हाला सांगितले नाही, त्याच्या आईने सांगितले. तीच तक्रार घेऊन आली होती. दोषारोपपत्राची प्रत तिने प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून आणली होती. ती म्हणाली, “माझं पोरगं चोर नाही ओ साहेब, कागदावर लिहून आलंय. भर बाजारात आमची अब्रू घेतली. आणि त्या दुसऱ्याचं आमच्यात काही घालू नका, त्याचं अन् आमचं काही नाही.”

आम्ही तिचे ऐकले. राज्य मानवी हक्क आयोगाकडे पाठवायचा अर्ज तयार केला आणि तो पहिल्या मुलापुरता ठेवला. युक्तिवाद सोपा होता : निर्दोष मुलाला चोर म्हणून मिरवले, त्याची बदनामी केली, भरपाई मिळावी. त्या मसुद्याकडे आता पाहिले की त्यात ‘निर्दोष’ हा शब्द अकरा वेळा आलेला दिसतो. माहितीच्या अधिकारात आणि नंतर लेखी म्हणणे म्हणून ठाण्याकडून जे उत्तर आले, त्याने या अकराही वेळांचा फोलपणा दाखवून दिला. उत्तरात म्हटले होते की, आरोपींना घटनास्थळ दाखवण्यासाठी तपासाच्या कामी नेले होते, शासकीय वाहन नादुरुस्त असल्याने पायी न्यावे लागले, गर्दी आपोआप जमली, त्या तारखेला दोघांविरुद्धही सबळ संशय होता, आणि दुसरा आरोपी सराईत असून त्याची स्वतःची काहीही तक्रार नाही. शेवटचे दोन मुद्दे नीट वाचले तर लक्षात येते की ते आमच्याच अर्जातून उचललेले होते. निर्दोष माणसाला फिरवले हीच जर चूक असेल, तर त्या दिवशी तो निर्दोष आहे हे पोलिसांना ठाऊक नव्हते, म्हणजे चूक फार तर अंदाजाची ठरते. आणि जो निर्दोष नाही त्याला फिरवण्यात काही वावगे नाही, हे तर आम्ही त्याला अर्जातून वगळून स्वतःच लिहून दिले होते.

अब्रू आणि प्रतिष्ठा

घोटाळा शब्दापासूनच सुरू झाला होता. त्या माउलीने ‘अब्रू’ म्हटले आणि आम्ही कायद्याच्या भाषेत तिचे ‘अब्रुनुकसानी’ करून टाकले. अब्रू ही लोकांच्या नजरेत असते. ती कमावता येते, घालवता येते, घराण्याकडून मिळते आणि एका माणसामुळे साऱ्या घराची जाते. बदनामीचा कायदा हीच राखतो, आणि म्हणूनच तो ज्याच्याकडे अब्रू आहे असे समाज मानतो त्याच्याच उपयोगी पडतो. त्या ठाण्यातील एका कर्मचाऱ्याने बोलता बोलता विचारले होते, “सेटलमेंटातल्या पोरांची कसली अब्रू साहेब?” प्रश्न उद्दाम होता, पण बदनामीच्या कायद्याच्या चौकटीत त्याला उत्तर देणे अवघड होते.

संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ असे शब्द आहेत. रोजच्या मराठीत मात्र प्रतिष्ठा म्हणजे गावातील वजन. ‘प्रतिष्ठित नागरिक’ म्हटले की डोळ्यांपुढे कोण येते हे सांगायला नको. त्यामुळे उद्देशिका वाचतानाही आपल्याला नकळत मानमरातबच आठवतो. आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्यातील कल्पना याच्या नेमकी उलट दिशेची आहे. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना मानवी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि तिचे मोल यांवरील श्रद्धा बोलून दाखवते. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्याचे पहिले कलम सर्व माणसे प्रतिष्ठेत आणि हक्कांत जन्मतःच समान असल्याचे सांगते. त्या कलमात केवळ पुरुषवाचक शब्द राहू नये म्हणून आग्रह धरणाऱ्या हंसा मेहता भारताच्या प्रतिनिधी होत्या. येथे जन्मतःच हा शब्द महत्त्वाचा आहे. जे जन्माबरोबर येते ते वागणुकीने कमावलेले नसते, म्हणून वागणुकीने गमावताही येत नाही. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याची प्रस्तावना आणखी एक पाऊल पुढे जाऊन म्हणते की, हे हक्क मुळी या अंगभूत प्रतिष्ठेतूनच निघतात. म्हणजे प्रतिष्ठा हा हक्कांच्या यादीतला आणखी एक हक्क नाही. यादी मुळात का आहे याचे ते कारण आहे. भारताने हा करारनामा १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारला.

आमच्या प्रकरणाला थेट लागू पडते ते या करारनाम्याचे दहावे कलम. ज्यांचे स्वातंत्र्य काढून घेतले आहे अशा सर्व व्यक्तींना माणुसकीने आणि त्यांच्या अंगभूत प्रतिष्ठेचा मान राखून वागवावे, असे ते सांगते. सर्व व्यक्ती, म्हणजे संशयित, आरोपी, सिद्धदोष, सगळेच. करारनाम्यावर देखरेख करणाऱ्या मानवी हक्क समितीने १९९२ मध्ये या कलमावर भाष्य करताना हा नियम मूलभूत आणि सार्वत्रिक असल्याचे सांगितले आणि तो साधनसामग्रीच्या उपलब्धतेवर अवलंबून ठेवता येणार नाही, असेही बजावले. ठाण्याच्या उत्तरातील नादुरुस्त वाहनाला एवढे उत्तर पुरे आहे. निर्दोषत्वाचे गृहीतक चौदाव्या कलमात, म्हणजे वेगळ्या ठिकाणी आहे. त्याविषयी समितीने २००७ च्या भाष्यात म्हटले आहे की, आरोपीला बेड्या घालून किंवा पिंजऱ्यात ठेवून, तो भयंकर गुन्हेगार आहे असे भासेल अशा रीतीने न्यायालयापुढे सामान्यतः उभे करू नये, आणि सार्वजनिक अधिकाऱ्यांनी निकालाआधी दोष ठरवून मोकळे होऊ नये. ही दोन्ही कलमे आमच्या उपयोगाची होती. चूक एवढीच की आम्ही फक्त चौदाव्याच्या आधारावर उभे राहिलो. दहावे कलम गुन्हा सिद्ध झाल्यावरही शिल्लक राहते, चौदाव्यातील हे गृहीतक राहत नाही.

सोलापूरचाच निकाल

अर्ज नव्याने लिहायला घेतला तेव्हा हाती आलेला सर्वात जवळचा आधार संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातला नव्हता, याच शहरातला होता. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध रविकांत पाटील’ या १९९१ च्या निकालातील घटना सोलापूरची आहे. न्यायाधीन आरोपीला बेड्या घालून, दोन्ही दंड दोरीने बांधून शहराच्या रस्त्यांवरून नेण्यात आले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्यात संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाचा, म्हणजे जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा भंग झाल्याचे ठरवून दहा हजार रुपये भरपाई दिली. सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम ठेवली, मात्र ती पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक न भरता राज्याने भरावी, असा बदल केला. या बदलाविषयी दोन मते असू शकतात. अधिकाऱ्याच्या खिशाला झळ लागली असती तर पुढच्या पिढीतील अधिकाऱ्यांना हा निकाल पाठ राहिला असता, असे मला वाटते. न्यायालयात वावरणाऱ्या किती सोलापूरकरांना हा निकाल आपल्या गावचा आहे हे माहीत आहे, हे मी विचारून पाहिले. उत्तर फारसे उत्साहवर्धक नव्हते.

त्याआधी १९८० मध्ये ‘प्रेम शंकर शुक्ला’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरसकट बेड्या घालणे प्रथमदर्शनीच अमानुष ठरवले होते आणि तसे करताना जाहीरनाम्याचे छळ व अमानुष वागणुकीला मनाई करणारे पाचवे व करारनाम्याचे दहावे कलम समोर ठेवले होते. पळून जाण्याचा खरा धोका असेल, दुसरा उपाय नसेल आणि कारणे नोंदवली असतील, तरच बेडी, असा त्याचा आशय आहे. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) ने बेडीला काही प्रकारांत वैधानिक जागा दिली आहे आणि त्या प्रकारांत पहिलाच आहे सराईत किंवा वारंवार गुन्हा करणारा. बातमीतील ‘सराईत’ हा शब्द म्हणूनच केवळ शैलीचा भाग राहत नाही, तो बेडीचा परवाना होऊ शकतो. तरीही हे कलम अटकेच्या वेळी आणि न्यायालयात हजर करताना बेडीची मुभा देते. बाजारातून मिरवण्याची, उठाबशांची किंवा दोरीची मुभा त्यात कोठेही नाही.

सेटलमेंट या नावाचा इतिहास येथे टाळता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि १९११ मध्ये त्याचा विस्तार झाल्यावर, सबंध समाजच्या समाज केवळ अधिसूचना काढून जन्मजात गुन्हेगार ठरवले गेले. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातील वसाहत होती, तेथे हजेरी होती आणि बाहेर जायला परवानगी लागत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे पत्त्यातील नाव मात्र उरले. ‘फ्री’ हा शब्द मुद्दाम जोडावा लागतो, यातच बरेच काही आले. १९५९ मध्ये मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला. तो कागदोपत्री व्यक्तीला लागू होतो, जमातीला नाही. पण नजरेला कागद वाचता येत नाही. वांशिक भेदभाव निर्मूलनाच्या संयुक्त राष्ट्र समितीने २००७ मध्ये भारताला सराईत गुन्हेगारांचा कायदा रद्द करण्याची शिफारस केली. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये विमुक्त (त्या कायद्यातून मुक्त झालेल्या) व भटक्या जमातींविषयी आपला अहवाल दिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीवर आधारलेली कामाची विभागणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, अशी काळजी घेण्याचे निर्देश पोलिसांना दिले. जाहीरनाम्याने प्रतिष्ठा जन्मजात मानली, त्याच काळात आपल्याकडे गुन्हेगारी जन्मजात मानणारा कायदा अजून जिवंत होता. १९४८ ते १९५२ ही चार वर्षे दोन्ही एकाच वेळी खरी असल्यासारखी चालली, आणि तो कर्मचारी बोलला ते त्या दुसऱ्या कायद्याच्या भाषेतले होते.

ज्याची तक्रार नाही

आता दुसरा मुलगा. नव्या अर्जात त्याचे नाव घालायचे तर त्याची संमती हवी होती. जामिनावर सुटल्यावर तो भेटला तेव्हा त्याने खांदे उडवले. “मला काय झालं नाही ओ. लोकं बघत होती, मी पण बघत होतो.” चित्रफितीत तो हसताना दिसतो, हे ठाण्याच्या उत्तरात नमूद होते आणि ते खरेही होते. त्याने ती चित्रफीत चार दिवस स्वतःच्या स्टेटसला ठेवली होती. मग प्रतिष्ठेचा भंग झाला असे कोणासाठी म्हणायचे?

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे निकाल भारतावर बंधनकारक नाहीत, पण हा प्रश्न त्याने दोन बाजूंनी तपासलेला आहे. १९७८ च्या ‘टायरर’ प्रकरणात आइल ऑफ मॅन बेटावर पंधरा वर्षांच्या मुलाला न्यायालयाच्या हुकुमाने छड्या मारण्यात आल्या होत्या. शिक्षा लोकांसमोर झाली नव्हती, बंद जागेत झाली होती. न्यायालयाने म्हटले की, इतरांच्या नजरेतून नाही, तर माणूस स्वतःच्या नजरेतून उतरला तरी पुरे. आणि त्या मुलाला सत्तेच्या हातातील वस्तूसारखे वागवले गेले, हाच त्याच्या प्रतिष्ठेवरील आघात होता. पहिल्या मुलाची रात्रपाळी या निकालात नेमकी बसते. दुसऱ्यासाठी उपयोगी ठरतो तो निकालाचा उत्तरार्ध, वस्तूसारखे वागवले जाणे. तेथे त्याला काय वाटले हा प्रश्नच उरत नाही. २०१५ च्या ‘बुयीद’ प्रकरणात ब्रुसेल्समधील दोन भावांना पोलीस ठाण्यात प्रत्येकी एकदा थप्पड मारल्याची तक्रार होती. त्या कुटुंबाचे आणि ठाण्याचे आधीपासूनच बिनसलेले होते. आधीच्या पीठाला एक थप्पड तेवढी गंभीर वाटली नव्हती. मोठ्या पीठाने तो निर्णय फिरवला आणि पोलिसांच्या ताब्यातील माणसावर त्याच्या वर्तनामुळे अपरिहार्य नसलेला बळाचा वापर प्रतिष्ठेला उणेपणा आणतो, असे ठरवले. तो माणूस चांगला आहे की उर्मट, हे तेथे गैरलागू ठरले.

प्रतिष्ठेच्या नावाखाली माणसाच्या स्वतःच्या इच्छेवर कुरघोडी करणे मला सहसा पटत नाही. फ्रान्समध्ये एक बुटका माणूस करमणुकीसाठी स्वतःला फेकून घेण्याचे काम करत असे. ते काम बंद झाले तेव्हा रोजगार हीच आपली प्रतिष्ठा आहे, अशी तक्रार त्याने मानवी हक्क समितीकडे नेली. समितीने २००२ मध्ये बंदी भेदभावाची नसल्याचे ठरवले. तो निकाल आजही मला अस्वस्थ करतो, कारण तेथे राज्य एका माणसाला त्याची प्रतिष्ठा कशात आहे हे शिकवत होते. आमच्या प्रकरणात ही अडचण नाही. येथे दोरी राज्याच्याच हातात होती. कोठडीतील तरुणाचे हसणे ही संमती नसते, आणि असली तरी पोलिसांना जे करण्याचा अधिकारच नाही ते त्याच्या संमतीने कायदेशीर होत नाही.

गर्दीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंढरपूरच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला धिंड आणि दिंडी हे शब्द कानाला किती जवळचे आहेत हे जाणवल्याशिवाय राहत नाही. दिंडीत माणूस गर्दीत मिसळतो, धिंडीत त्याला गर्दीतून वेगळा काढून दाखवले जाते. पण गर्दीवाचून दोन्ही होत नाहीत. पोलिसांनी त्या मुलांना रिकाम्या रस्त्यावरून नेले असते तर ते केवळ चालणे झाले असते. उद्देशिकेत प्रतिष्ठा हा शब्द न्यायाला किंवा स्वातंत्र्याला जोडलेला नाही, तो बंधुतेला जोडलेला आहे; व्यक्तीच्या प्रतिष्ठेचे आश्वासन देणारी बंधुता, असे ते वाक्य आहे. त्या सकाळी पायऱ्यांवरून मोबाइल धरणाऱ्यांविरुद्ध आयोगाकडे जाता येत नाही, ही कायद्याची मर्यादा आहे.

मर्यादा आणखीही आहेत. नागरी हक्कांच्या करारनाम्याच्या ज्या पूरक करारामुळे व्यक्तीला थेट समितीकडे तक्रार करता येते, त्यात भारत सामील नाही. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. म्हणून वाट देशातलीच उरते. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या कलमात मानवी हक्कांची व्याख्या करताना जीवित, स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीने व्यक्तीची प्रतिष्ठा हा शब्द स्वतंत्रपणे दिलेला आहे आणि आंतरराष्ट्रीय करारनाम्यांचाही उल्लेख आहे. आयोग शिफारस करतो, हुकूम नाही. आणि घटनेपासून वर्षाच्या आत त्याच्याकडे जावे लागते. आमचे नऊ महिने सरले होते.

नव्या अर्जातून ‘निर्दोष’ हा शब्द एका परिच्छेदापुरता ठेवला आणि तो चौदाव्या कलमाखाली नेला. बाकी सारे दोघांच्या वतीने, दहाव्या कलमाखाली आणि २१ व्या अनुच्छेदाखाली लिहिले. त्या आईला हे पटवायला तीन भेटी लागल्या. तिला आपल्या मुलाचे नाव त्याच्या नावाच्या शेजारी पुन्हा नको होते. बातमीत ती दोन नावे एकदा शेजारी आली होती, आणि तिचा विरोध मला अजूनही गैरवाजवी वाटत नाही. शेवटी ती म्हणाली, “लिहा, पण माझ्या पोराचं वर लिहा.” ते तसे लिहिले.

सही घेण्याआधी मसुदा दोघांना वाचून दाखवला. दुसरा मुलगा भिंतीला टेकून ऐकत होता. बेड्यांचा परिच्छेद आला तेव्हा त्याने थांबवले. “बेडीचं राहू द्या ओ, बेडी सगळ्यांनाच घालतात. दोरी लिहा. दोरीला धरून ओढत होते, ते लिहा.” मसुद्यात दोरी अर्ध्या वाक्यात उरकलेली होती. त्या रात्री तो परिच्छेद पुन्हा लिहिला.